ट्यूझडे वीक : एका मंगळवाराचं प्रकरण

५ सप्टेंबर २०२४, गुरुवार. दुपारी चारच्या सुमारास बॅलार्ड इस्टेटमधल्या आमच्या मॅनिंग ऑफिसात, म्हणजे जहाजांना माणसं पुरवणाऱ्या ऑफिसात, फोन वाजला. स्कॉटलंडमध्ये तेव्हा सकाळचे साडेअकरा झाले होते. उन्हाळ्याच्या महिन्यांत ते आपल्या साडेचार तास मागे असतात. पलीकडे एका जहाजाचे टेक्निकल सुपरिटेंडंट होते, किनाऱ्यावरून जहाजाची देखभाल बघणारे. साठीच्या आसपासचं वय, सगळी हयात इंजिनरूममध्ये गेलेली. फोन आमच्या डेस्कवरच्या मुलीने घेतला. बोलणं तीन मिनिटांच्या आत आटोपलं. त्या तीन मिनिटांपायी गुहागर तालुक्यातला एक फिटर गणपती बसवून दुसऱ्याच दिवशी घराबाहेर पडला आणि पुढचा आठवडा मुंबईत नुसता बसून राहिला.

मी क्रूइंगच्या कामात बावीस वर्षं आहे. जहाजावर माणूस चढवायचा, उतरवायचा, त्याची कागदपत्रं बघायची, हेच काम. हे प्रकरण घडलं तेव्हा ऑफिसात दोन दिवसांत एक निकाल लागून गेला होता : पोरीचं इंग्रजी कच्चं आहे. तो निकाल चुकीचा होता, आणि तो चुकीचा कसा होता ते मला सगळं रेकॉर्डिंग ऐकल्यावर कळलं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मुलगी लालबागची, मराठी माध्यमातून शिकलेली. ईमेल नेटके लिहायची, कागदपत्रांत तिची चूक मी क्वचितच पाहिली. फोनवर मात्र आवाज बारीक व्हायचा. फिटर चौतिशीचा, नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपवून जुलैमध्ये घरी आलेला. आधीच्या चार वर्षांत एकदाही गणपतीला घरी नव्हता. कधी सिंगापूरच्या बाहेर नांगर टाकून, कधी ब्राझीलला. त्यातून मे महिन्यात सुट्टीच्या आधी ठरलेलं लग्न ऑगस्टमध्ये झालं होतं. घरी पाच दिवसांचा गणपती, गौरींसोबत जाणारा. गावच्या जाखडीच्या नाचात तो मृदंग वाजवायचा. हे सगळं आम्हाला माहीत होतं, कारण सुट्टीवर जाताना त्याने स्वतः येऊन सांगितलं होतं, "मॅडम, या वेळी तेवढे गणपती होऊ द्या. मग कुठेही पाठवा."

आणि आम्ही हो म्हटलं होतं.

काम असं होतं : जहाज दुबईच्या जेबेल अली बंदरात धक्क्याला लागणार, तिथे जुना फिटर उतरणार, आमचा माणूस रिलीव्हर, म्हणजे त्याच्या बदलीचा माणूस, म्हणून चढणार. प्रश्न एवढाच, कधी?

फोनवर काय झालं

रेकॉर्डिंग मी निदान पंधरा वेळा ऐकलं असेल. सुपरिटेंडंटचा 'र' जिभेवर घोळणारा, वेग भरपूर, दोन वाक्यांत श्वास घ्यायला जागा नाही. आधी ते इंजिनातल्या कुठल्याशा पंपाबद्दल बोलतात, मग जहाजाचं नाव, मग हे वाक्य येतं :

"शी'ल बी अलाँगसाइड ट्यूझडे वीक. युअर मॅन नीड्स टु बी देअर."

या वाक्यातलं 'शी' म्हणजे जहाज. ते तिला अडलं नाही, आपल्याकडेही बोट ही 'ती'च असते. 'अलाँगसाइड', म्हणजे धक्क्याला लागलेली, हा रोजचा शब्द. 'ट्यूझडे' तर पहिलीतल्या मुलालाही येतो. 'वीक' तिने ऐकला, पण तिच्या कानाने तो 'या आठवड्यातला' असा लावून घेतला. ट्यूझडे, वीक. म्हणजे येता मंगळवार. १० सप्टेंबर.

स्कॉटलंडमध्ये, आयर्लंडमध्ये, इंग्लंडमध्येही 'ट्यूझडे वीक' म्हणजे येता मंगळवार सोडून त्याच्या पुढचा. मंगळवार अधिक एक आठवडा. १७ सप्टेंबर. ऑस्ट्रेलियातही हे चालतं. अमेरिकन माणूस साधारणपणे हेच 'अ वीक फ्रॉम ट्यूझडे' असं फोडून सांगतो. आपल्याकडच्या शाळांत, कॉलेजांत, इंग्रजी बोलायच्या क्लासमध्ये हा प्रयोग मला तरी कुणी शिकवल्याचं आठवत नाही.

इथपर्यंत ही साधी गैरसमजाची गोष्ट झाली. पण रेकॉर्डिंग इथे थांबत नाही. मुलीला काहीतरी खटकलं होतं. गणपतीच्या सुट्टीची नोंद तिच्यासमोर होती, आणि सुपरिटेंडंट सहसा इतक्या तातडीने माणूस मागत नाहीत. तिने विचारलं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, की तिने विचारलं.

"सर, आय हॅव वन डाउट अबाउट द डेट."

आपण सगळे हे वाक्य असंच बोलतो. शाळेत बाई धडा संपला की म्हणायच्या, काही शंका असेल तर विचारा. त्या शंकेचं इंग्रजी झालं 'डाउट', आणि इंग्रजी माध्यमातली मुलंही वर्गात हात वर करून 'मिस, डाउट' म्हणतात. आपल्या इंग्रजीत 'डाउट' म्हणजे प्रश्न, समजून घ्यायची इच्छा. त्या माणसाच्या इंग्रजीत 'आय हॅव अ डाउट' म्हणजे 'तुम्ही म्हणता ते मला खरं वाटत नाही.' पस्तीस वर्षं जहाजांचं वेळापत्रक सांभाळणाऱ्या माणसाला एक कोवळा आवाज सांगतोय की तारखेबद्दल मला संशय आहे. त्यांचा आवाज लगेच कडक होतो. रेकॉर्डिंगमध्ये ते स्पष्ट कळतं.

"देअर्स नो डाउट अबाउट इट. ट्यूझडे वीक, लॅस."

'लॅस' म्हणजे पोरी. स्कॉटिश म्हाताऱ्या माणसाने आपुलकीने म्हणायचा शब्द. कदाचित आपण जरा जोरात बोललो हे जाणवून त्यांनी तो शेवटी जोडला असेल. उच्चार मात्र 'लास' च्या जवळ जाणारा. आमच्या मुलीची त्या दिवशीची वही माझ्याकडे आहे. तिच्यात मराठीत लिहिलंय :

*मंगळ. — लास्ट.*

खाली दोन रेघा. तिला वाटलं, ते म्हणतायत मंगळवार ही शेवटची मुदत. म्हणजे ज्या शब्दाने त्या माणसाने सांत्वन केलं, त्याच शब्दाने तिची घाई दुप्पट झाली. मग ती म्हणते, "येस सर, येस सर, ट्यूझडे." आणि फोन ठेवते.

मेलने पडताळणी झाली, तरीही

आमच्याकडे नियम आहे : फोनवर ठरलेलं लगेच मेलवर कळवायचं. तिने दहा मिनिटांत मेल पाठवला. आजच्या बोलण्याप्रमाणे आमचा माणूस मंगळवारी जहाजावर हजर होईल. तासाभरात उत्तर आलं, "आय, दॅट्स ग्रँड." हे 'आय' म्हणजे होकार, स्कॉटलंडमधला. तो तिला माहीत होता, जहाजावर 'आय आय सर' सगळ्यांनी ऐकलेलं असतं.

नियम पाळला गेला, कागद झाला, होकार आला. आणि चूक जशीच्या तशी राहिली. तिने 'ट्यूझडे' लिहिलं तो तिचा मंगळवार, त्यांनी 'ट्यूझडे' वाचला तो त्यांचा. शब्द एकच, म्हणून दोघांनाही शंका घ्यायला जागाच उरली नाही.

मंगळवारी जहाजावर म्हणजे सोमवारी रात्रीचं विमान, त्याआधी सोमवारी सकाळी जॉइनिंगची मेडिकल, करारावर सह्या, ब्रीफिंग. म्हणजे रविवारी घर सोडायला हवं. संध्याकाळी तिने फिटरला फोन लावला. तो फोन रेकॉर्ड होत नाही, पण मी शेजारीच होते. तिचा आवाज खाली गेला होता. "दादा, मंगळवारी बोट धरायची आहे. रविवारी निघावं लागेल." पलीकडे बराच वेळ काही नाही. मग मला पुसट ऐकू आलं, "ताई, गौरी मंगळवारी यायच्या आहेत." तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. जहाज कुणासाठी थांबत नाही, हे वाक्य या धंद्यात आम्ही इतक्या वेळा बोललोय की ते तपासून बघायचं आमच्या डोक्यातही येत नाही. सुपरिटेंडंटना एक फोन करून 'आमच्या माणसाच्या घरी सण आहे, दोन दिवस मागेपुढे होईल का' एवढं मी विचारलं असतं, तर हे सगळं गुरुवारीच उलगडलं असतं.

शनिवारी त्याने घरी मूर्तीची प्रतिष्ठापना केली. रविवारी सकाळी चिपळूणहून मिळाली ती गाडी पकडली. आठवडाभर मुंबईहून कोकणाकडे जाणाऱ्या गाड्यांना पाय ठेवायला जागा नव्हती. तो उलट्या दिशेने निघाला होता, आणि दीड दिवसाचे गणपती संध्याकाळी विसर्जन व्हायचे असल्यामुळे परतीची गर्दीही अजून सुरू झाली नव्हती. डब्यात बसायला खिडकी मिळाली, असं तो नंतर म्हणाला.

सोमवारी दुपारी जेबेल अलीच्या एजंटाचा मेल आला. जहाज १७/०९ ला लागतंय, जॉइनर १० ला कशासाठी पाठवताय? तेव्हा फिटर आमच्या रिसेप्शनला बसला होता, मेडिकल उरकून, बॅग पायाशी.

माझा निर्णय

त्याच रात्री त्याला परत पाठवता आलं असतं. मंगळवारी सकाळी तो घरी पोचला असता, गौरींच्या आवाहनाला. गुरुवारी विसर्जन करून शुक्रवारी आरामात निघाला असता. मी नाही पाठवला. मला भीती वाटली की पाच दिवसांचे गणपती गेले की परतीच्या गर्दीत तो अडकेल, व्हिसाच्या कागदांत काही खोट निघाली तर तो हाताशी हवा. या कारणांत तथ्य होतं, पण ती त्याच्या गौरींपेक्षा मोठी नव्हती. त्याची सोय मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये केली. पी. डिमेलो रोडवरून चालत तो रोज ऑफिसात यायचा, विचारायचा, "मॅडम, माझं काही आहे का?" आणि परत जायचा.

गुरुवारी, गौरीविसर्जनाच्या दिवशी, तो आमच्या पँट्रीत उभा राहून व्हिडिओ कॉलवर घरची आरती बघत होता. मोबाइल एका हातात. दुसऱ्या हाताची बोटं ओट्याच्या कडेवर वाजत होती, मृदंगावर वाजतात तशी. चहा घ्यायला गेलेली मी तशीच मागे फिरले.

'इंग्रजी कच्चं' या निकालाबद्दल

रेकॉर्डिंग मी आमच्याच दोघांना ऐकवलं, पुढे काय झालं ते न सांगता. एक वांद्र्याचा, लहानपणापासून इंग्रजी माध्यमात शिकलेला, घरातही इंग्रजी बोलणारा. दुसरे आमचे निवृत्त झालेले कॅप्टन सल्लागार. विचारलं, तारीख लिहा. वांद्र्याच्या मुलाने १० लिहिली. कॅप्टनांनी १७ लिहिली आणि हसून सांगितलं, की तरुणपणी एका ग्लासगोच्या चीफ इंजिनिअरमुळे त्यांची सुट्टी अशीच बुडाली होती. म्हणजे फरक कुणाचं इंग्रजी पक्कं आणि कुणाचं कच्चं याचा नव्हताच. ज्याचे हात या वाक्याने एकदा पोळलेत, त्याला ते कळलं.

यातून मला एक गोष्ट उमगली. अनोळखी शब्द फारसा घात करत नाही. सुपरिटेंडंट पंपाच्या एका भागाचं असं नाव घेतात की तिला ते मुळीच माहीत नव्हतं, तिथे ती बिनधास्त म्हणते, "स्पेलिंग सांगाल का सर?" आणि लिहून घेते. घात करतो तो ओळखीचा शब्द. 'ट्यूझडे', 'वीक', 'डाउट', 'येस'. या चारही शब्दांचे अर्थ दोघांनाही ठाऊक होते, आणि म्हणून चारही ठिकाणी कुणी थांबलं नाही.

'येस'चं बघा. त्या तीन मिनिटांत ती नऊ वेळा 'येस' म्हणते. त्यातले सात हुंकार आहेत. आजी गोष्ट सांगताना म्हणायची, हुंकार दे, नाहीतर थांबते मी, तोच हा. मी ऐकतेय, पुढे बोला. फोनवर आपण मराठीत 'हो... हो... हां' करत राहतो, आणि त्यात कुठल्याही गोष्टीला संमती नसते. तोच हुंकार इंग्रजीत 'येस' होऊन गेला की पलीकडचा माणूस समजतो, कळलं आणि कबूल. मी नंतर सुपरिटेंडंटशी बोलले तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य हेच होतं, की ती तर प्रत्येक वाक्याला हो म्हणत होती.

आपल्या बाजूनेही हाच खड्डा आहे, आणि तो आपल्याला दिसत नाही. आपण आठवड्याला आठ दिवस म्हणतो. 'आठ दिवसांनी ये' म्हणजे आजच्याच वारी. पक्ष झाला पंधरवडा. हेच आपण इंग्रजीत 'आफ्टर एट डेज' लिहितो, आणि पलीकडचा माणूस बोटं मोजून एक दिवस पुढे जातो. त्यांचा पंधरवडा 'फोर्टनाइट', म्हणजे चौदा रात्री. आमचे पंधरा दिवस, त्यांच्या चौदा रात्री, मुदत तीच. ऑफिसच्या जुन्या फायलींत मला असे दोन मेल सापडले, जिथे आम्ही 'फिफ्टीन डेज' लिहिलं होतं आणि बोर्डिंगची तारीख एका दिवसाने चुकली होती. तेव्हा आम्ही दोष एजंटाला दिला होता.

वेळेचंही तसंच. इंग्रज माणूस 'हाफ सेव्हन' म्हणतो ते साडेसात. जर्मन माणसाच्या भाषेत अर्धा सात म्हणजे साडेसहा, सातव्याचा अर्धा झालेला. मराठी माणसाला यात नवल वाटायला नको, कारण आपला 'अडीच' संस्कृत अर्धतृतीयातून आला आहे, तिसऱ्याचा अर्धा. आणि 'साडे' मात्र सार्धातून, अर्ध्यासह. दोन्ही पद्धती आपण एकाच तोंडाने बोलतो आणि कधी चुकत नाही, कारण त्या आपण एकाच आईकडून शिकलो. इंग्रजी आपण सगळे वेगवेगळ्या आयांकडून शिकलो आहोत.

एका मेलची आठवण येते. आम्ही एका ऑइलरच्या माहितीत लिहिलं होतं, 'पास्ड आउट इन २०१६ फ्रॉम आयटीआय'. याच सुपरिटेंडंटनी तेव्हा त्याचे मेडिकल रिपोर्ट मागवले होते. त्यांच्या इंग्रजीत 'पास्ड आउट' म्हणजे चक्कर येऊन पडला. त्या वेळी आम्ही ही गोष्ट हसण्यावारी नेली. तेव्हाच बसून विचार केला असता तर कदाचित 'डाउट'ही सापडला असता.

समुद्रावर हे आधीच कळलेलं होतं

मला सगळ्यात जास्त खंत याची वाटते, की हा प्रश्न आमच्याच धंद्याने कधीचा सोडवून ठेवला आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने नोव्हेंबर २००१ मध्ये जहाजांवरच्या बोलण्यासाठी ठरावीक इंग्रजी वाक्यांचा संच मंजूर केला, एसएमसीपी या नावाने. ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज हाकतात तिथे, काम करणाऱ्या आमच्या प्रत्येक अधिकाऱ्याला तो शिकावा लागतो. त्यात 'मे', 'माइट', 'शुड' असे दुटप्पी शब्द टाळायला सांगितलेत. आकडे सुटे उच्चारायचे : एकशे पन्नास म्हणायचं नाही, एक-पाच-शून्य म्हणायचं, कारण गोंगाटात पंधरा आणि पन्नास, 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी', एकसारखे ऐकू येतात. वेळ चोवीस तासांची. हे सगळं ब्रिजवर पाळलं जातं. पण ज्या ऑफिसातून माणूस त्या ब्रिजवर पाठवायचा, तिथे फोनवर आम्ही घरच्यासारखं बोलतो.

विमान वाहतुकीत तर याची किंमत जिवांनी मोजली आहे. २५ जानेवारी १९९० ला कोलंबियाहून आलेलं आव्हियांका ५२ हे विमान न्यूयॉर्कला उतरायची वाट बघत घिरट्या घालत होतं. वैमानिकांनी इंधन संपत आल्याचं सांगितलं, अग्रक्रम द्या म्हणाले. 'इमर्जन्सी' हा शब्द मात्र उच्चारला गेला नाही. नियंत्रकांनी ऐकलेला प्रत्येक शब्द त्यांच्या ओळखीचा होता, पण त्यातून त्यांना जिवावर बेतलंय हे कळलं नाही. विमान लाँग आयलंडवर कोसळलं, १५८ जणांपैकी ७३ माणसं गेली. आमच्या प्रकरणात एक सण गेला. दोन्हींची तुलना नाही. यंत्रणा मात्र तीच आहे : सांगणाऱ्याला वाटतं सांगून झालं, ऐकणाऱ्याला वाटतं ऐकून झालं.

मुळाशी काय सापडलं

मुलीला मी विचारलं, डाउट म्हणालीस, ते चिडले, मग पुन्हा का नाही विचारलंस? सरळ तारीख का नाही मागितलीस? ती गप्प राहिली. मग म्हणाली, "मॅडम, मागच्या वर्षीच्या अप्रेझलमध्ये तुम्हीच लिहिलं होतंत."

मी फाइल काढली. माझ्याच अक्षरात होतं : 'क्लायंटला पुन्हा पुन्हा विचारते, संवादकौशल्य सुधारायला हवं.' पाचपैकी दोन गुण.

या एका ओळीपुढे मला बाकीची सगळी कारणं दुय्यम वाटतात. आमच्या ऑफिसात ज्याने न विचारता 'येस सर' म्हटलं त्याला चार गुण मिळत होते आणि जो तिसऱ्यांदा 'पार्डन' म्हणे त्याला दोन. मराठी माध्यमाच्या मुलामुलींना तिसरं पार्डन म्हणजे स्वतःच्या शाळेची, घराची लाज वाटते, हे मला माहीत असायला हवं होतं. मीसुद्धा परळच्या मराठी शाळेतच शिकले. मी ती लाज ओळखली नाही. उलट तिच्यावर गुण मांडले.

ती नोंद मी खोडली आणि तसं तिला लेखी दिलं.

मंगळवारी मी सुपरिटेंडंटना फोन केला. ते आधी गप्प झाले. 'ट्यूझडे वीक' हे सगळ्या जगाचं इंग्रजी नाही, हे त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. त्यांच्या आईपासून सगळे असंच बोलतात. 'डाउट'चा आपला अर्थ सांगितल्यावर मात्र ते हळहळले. म्हणाले, मला वाटलं ती माझ्या शब्दावर विश्वास ठेवत नाहीये, म्हणून मी तिला गप्प केलं. त्यांनी मुलीला फोनवर बोलावून घेतलं आणि तिची माफी मागितली. सेलर्स होमचा खर्च आणि आठ दिवसांचा पगार मालकांकडून फिटरला मिळवून दिला. सण मिळवून देणं कुणाच्याच हातात नव्हतं.

नंतर आम्ही जे बदललं त्यातलं बरंचसं साधं आहे. वाराशिवाय तारीख नाही, तारखेशिवाय वार नाही, महिना अक्षरात. आकडे सुटे. एकच गोष्ट जरा वेगळी आहे आणि ती त्या मुलीने सुचवली. ऐकलेलं परत म्हणून दाखवायचं, पण त्याच शब्दांत नाही. त्याच शब्दात परत म्हटलं तर पोपटपंची होते, चूक तशीच परत जाते. आमच्या मेलचं तेच झालं होतं. वार सांगितला तर तारीख म्हणून दाखवायची. तारीख सांगितली तर आजपासून किती रात्री ते सांगायचं. वेळ सांगितली तर मुंबईची वेळ सांगायची. पलीकडच्याचा शब्द आपल्या मापात घालून त्याच्यापुढे ठेवला की माप जुळत नसेल तर तो स्वतःच ओरडतो.

'डाउट' हा शब्द काढून टाकावा असं काहींचं म्हणणं होतं. मी नाही म्हटलं. तो आपल्या इंग्रजीतला खरा शब्द आहे, कोट्यवधी लोक तो वापरतात, त्यात चूक काही नाही. समुद्रापार बोलताना 'क्वेश्चन' म्हणावं, एवढंच. फोनशेजारी तिने स्वतःच्या हाताने एक तक्ता लावलाय. डावीकडे त्यांचे शब्द, उजवीकडे आपले. 'डाउट' आणि 'पास्ड आउट' उजव्या रकान्यात आहेत. त्याच तक्त्याचा फोटो सुपरिटेंडंटनी मागून घेतला आणि आपल्या टेबलासमोर लावला.

फिटर १७ सप्टेंबर २०२४ ला जहाजावर चढला. त्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. पुढच्या वर्षी जूनमध्ये तो उतरला.

२५ ऑगस्ट २०२५, सोमवार. गणपतीला दोन दिवस होते. दुपारी सुपरिटेंडंटचा फोन आला, फोन तिनेच घेतला. मी माझ्या जागेवरून ऐकत होते. मध्येच ती म्हणाली, "सर, फ्रायडे फोर्टनाइट. दॅट इज वन-टू, ट्वेल्थ सप्टेंबर, एटीन नाइट्स फ्रॉम टुडे. करेक्ट?" पलीकडून काहीतरी लांबलचक उत्तर आलं, बहुतेक ते स्वतः रात्री मोजत होते. तिने वहीत लिहिलं आणि मग गुहागरला फोन लावला. या वेळी स्पीकर चालू होता. मागे कुठेतरी मृदंग जुळवणं चाललं होतं, कुणीतरी एकच थाप पुन्हा पुन्हा मारत होतं.

"दादा, बारा सप्टेंबर, शुक्रवार. एक-दोन."

"थांबा ताई," तो म्हणाला. आवाज फोनपासून दूर गेला, भिंतीवरच्या कालनिर्णयाचं पान उलटल्याचं ऐकू आलं. "म्हणजे गौरी गेल्यावर दहा दिवसांनी?"

तिने वहीवर बोट ठेवून मोजलं.

"हो. दहा."